मुंग्या

पहिल्या दिवशी गाडी आठ मीटर गेली
आणि पडद्यावर मुंग्या आल्या.
दारूखान्याच्या रस्त्याखालचं ते विटांचं गटार,
अंड्याच्या आकाराचं, साहेबाच्या काळातलं,
त्यातलं आठ मीटर आम्ही पाहिलं.
पुढे नुसती खरखर.

इंजिनिअर म्हणाले, पॉवर वाढवा.
सगळे हेच म्हणतात :
ऐकू येत नाही ना, मग ओरडा.
वाढवली.
लहर भिंतींवर आपटत राहिली, चित्रावर चित्र चढलं,
एकच घूस पडद्यावरून चारदा पळाली.

मग लॅमिंग्टन रोडला नौशादच्या टेबलावर
मी तांब्याची तार कापत बसले.
एकेक पाकळी बावन्न मिलिमीटरची,
त्रेपन्न झाली तर तो न बोलता टोपलीत टाकायचा.
तीन पाकळ्या गाडीच्या पाठीवर,
चार पाकळ्या माझ्या बाजूला,
दोन्हींचा पीळ उजवा.
का, ते नौशादने बिडी विझवून सांगितलं :
भिंतीवर आपटली की उजवी लहर डावी होते,
आणि उजव्या कानाला डावं ऐकू येत नाही.
जे सरळ तुझ्याकडे निघालंय
तेवढंच तुझ्यापर्यंत पोचेल.

(हे माणसांसाठी कुठे मिळतं का,
असं मी विचारलं. तो म्हणाला, डाग नीट दे.)

मोटरच्या पायांत शेंगदाण्याएवढा कपॅसिटर जोडला,
वेग दिला की चित्रात आडव्या रेघा यायच्या, त्या गेल्या.
कॅमेऱ्याला बॅटरी वेगळी दिली.
एकोणीस मीटर.
एकोणीसला गटार वळतं.
तिथे परत मुंग्या.

तूपसुंदर मामा रोज येऊन बसायचे,
कुणी बोलावलेलं नव्हतं.
चार वर्षांपूर्वी रिटायर, खात्याचा खाकी शर्ट अजून अंगात,
पडद्याकडे न बघता म्हणायचे :
आता डावीकडे. आता खाली उतार.
आता एक वीट बाहेर आलेली आहे, बघ, कोपरावर.
कोपरावर म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कोपरावर.
ते दाखवायचे, तिथे पांढरा व्रण होता.

त्या दिवशी म्हणाले,
हा तुझा कान इथे मागे कशाला ठेवलास?
पुढच्या झाकणातून सोड की खाली.
आम्ही दोघं असायचो.
मी पुढच्या झाकणाशी पालथा, डोकं भोकात,
पुंजाजी आत.
आतल्याने ओरडायचं नसतं, दम पुरत नाही.
वरच्याने ऐकायचं असतं.

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे नाही, स्टोव्हवाल्याकडे बघत :
एकदा मी चहाला गेलो होतो.

कुणी काही बोललं नाही.
नौशाद उगाच केबल गुंडाळत राहिला.

बांबू आणला. टोकाला रिसीव्हर बांधला, पाकळ्यांसकट,
वरून उतरली फक्त चित्राची केबल.
बांबू मला धरू दिला नाही त्यांनी.
त्रेसष्ट वर्षांचा माणूस
भर उन्हात डांबरावर पालथा झाला,
ट्रकवाले हॉर्न मारून वळसा घालून गेले.

आणि आलं.
वळणापलीकडून चित्र आलं, ओलं, लखलखीत.
विटांमधला चुना मोजता येईल असं.
कोपराएवढ्या उंचीवर एक वीट बाहेर.
मामा, तुमची वीट, मी ओरडले.
त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, गाडीकडे बघ.

सदतीस मीटरवर छत खचलेलं मिळालं,
त्याची नोंद झाली, फोटो गेले,
इंजिनिअरांनी माझं अभिनंदन केलं.

बॅटरी अकरा टक्क्यांवर आली तशी मी गाडी माघारी फिरवली.
ते अजून तसेच, गाल झाकणाच्या कडेला टेकलेला.
आली का बाहेर?
आली मामा.
सगळी?

मी चाकं मोजली.
चारही, म्हटलं.
तेव्हा कुठे त्यांनी बांबू वर घेतला.